पेटी थांबली तेव्हा

गणपतीतल्या बालनाट्याची आज रंगीत तालीम. ऑफिसातून थेट आले, अंगात त्राण नव्हतं. पोरांना मिशा चिकटवताना गोंदाचा तो उग्र वास आला आणि लहानपणीच्या आमच्या चेरीताल मोहल्ल्यातलं जुनं स्टेज आठवलं.

मी उंदीर झाले होते. फॅक्टरीतून तसेच आलेले बाबा पेटीवर होते. ऐन गाण्यात पेटी थांबली. बाबांना बसल्या बसल्या झोप लागली होती. लोक हसले. मी त्यांना हलवायला गेले, तर विंगेतून आई म्हणाली, "काहून उठवून राहिली? थकलेत ते. तू गा."

तेव्हा बाबांचा फार राग आला होता.

आज पेटी वाजवता वाजवता माझाच डोळा लागला. जाग आली तेव्हा पोरं गातच होती, आणि एक उंदीर दुसऱ्याला त्यांच्या नेहमीच्या हिंदीत दटावत होता, "धीरे गाओ, दीदी सो रही हैं."