धुरा नावाचं प्रोजेक्ट

आमच्या ऑफिसात प्रत्येक नव्या कामाला एक टोपणनाव ठेवतात. ऑफिस पुण्याला आहे आणि मी मालेगावला, घरातल्या समोरच्या खोलीत. मालेगाव म्हणजे वाशिम रोडवरचं, नाशिककडचं नाही. पहिल्या महिन्यात हे मी तिघांना सांगितलं, मग सांगणं सोडून दिलं.

टोपणनावाचे नियम साधे होते. नावावरून कामाचा सुगावा लागता कामा नये. नाव छोटं असावं, आणि फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता यावं. तोवरची सगळी नावं किल्ल्यांची होती. टीममधले लोक रविवारी किल्ले चढून यायचे आणि सोमवारी मीटिंगमध्ये नाव निघालं की कुणीतरी म्हणायचं, "नको रे ते नाव, पाय अजून दुखतायत." सगळे हसायचे. मीही हसायचे, पण माझा माइक बंद असायचा.

त्या वेळी आलेलं काम जरा नाजूक होतं. दोन भावांचा एकत्र धंदा होता आणि ते वेगळे होणार होते. बाहेर कुणाला अजून पत्ता नव्हता. त्यांची एकत्र असलेली सगळी माहिती आम्ही दोन ठिकाणी अशी वेगळी करायची होती, की एकाला दुसऱ्याचं दिसू नये. सरांनी नावांसाठी यादी उघडून दिली. "प्रत्येकानं एक तरी सुचवा," म्हणाले. मी अर्धा दिवस ती यादी बघत होते. मग लिहिलं, धुरा.

जऊळक्याजवळ आमचं थोडं शेत आहे. बाबा नोकरीतले, त्यामुळे ते काकाच बघतो. आमच्या आणि शेजाऱ्याच्या शेताच्या मधे जी न पेरलेली पट्टी आहे, तिला आम्ही धुरा म्हणतो. त्यावरून एकामागं एकच चालता येतं. लहानपणी सगळे तण निंदायला लागले की मला तिथं बसवून ठेवायचे, कारण मला काही काम येत नव्हतं. मला ती जागा आवडायची. दोन्हीकडे सोयाबीन असायचं, आणि मधे कुणी काही म्हणत नसे. पुण्यात हा शब्द कुणाला कळणार नाही, म्हणजे नियमातही बसेल, असा माझा हिशेब होता.

मीटिंगमध्ये सर यादी वाचत माझ्या नावाशी थांबले. त्याच आठवड्यात त्यांना टीमचं प्रमुख केलं होतं.

"वा! धुरा. कुणाचं हे?"

मी माइक सुरू केला. "माझं, सर."

"छानच. जबाबदारी खांद्यावर घेणं, नेतृत्व करणं. मला आवडलं. शुक्रवारी पक्कं करू."

दोघंजण हसले. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "थँक यू, सर."

त्या थँक यूनं घात केला. पाचच मिनिटांत टीममधल्या एका सीनियर मुलीचा मेसेज आला. एरवी ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. "काय गं, आम्ही तुला गरीब गाय समजत होतो, तू तर चांगलीच पोचलेली निघालीस! सरांनी टीमची धुरा घेतली आणि लगेच प्रोजेक्टचं नाव धुरा? आता सत्काराची शाल तू आण, नारळ मी आणते."

मी तो मेसेज दोनदा वाचला. मग शब्दकोश उघडला. धुरा म्हणजे जू, भार, पुढारीपण. शेताचा कुठे पत्ताच नव्हता.

संध्याकाळी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "पेपरात रोज येते ना, अमक्यानं पक्षाची धुरा सांभाळली. तुले मालूम नव्हतं?"

घरात रोज पेपर येतो. मी तो कधी वाचला नाही. शाळेत मराठी हा एक विषय होता, बाकी सगळं इंग्रजी. घरी आम्ही बोलतो ती आमची बोली. पेपरातली मराठी माझ्यासाठी या दोन्हींच्या पलीकडे कुठेतरी राहिली.

आईनं स्वयंपाकघरातूनच ऐकलं. "काहून तोंड पाडून बसली वं? अन् धुरा हे काय नाव झालं? धुऱ्यापायी लोकं डोकी फोडून राह्यले. बाजूवाल्यानं नांगराचं एक तास धुरा कोरला तं तुहा काका दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. चांगलं गुलाब-मोगरा ठेवा लागत होतं."

मला हसू आलं. पण हे हसू सांगावं असं कुणी नव्हतं.

आमच्यातले घरून काम करणारे आठ-नऊजण दुपारी डबा खाताना एका कॉलवर येतात. मी तिथं बोलत नाही, पण रोज जाते. दिवसातला तेवढाच वेळ मी आईबाबांशिवाय कुणासोबत जेवते. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि बोलणं थांबलं. कुणीतरी घसा साफ केला. मग एकजण म्हणाला, "बोला मंडळी, जपून बोला. वरपर्यंत पोचतं सगळं." मी पोळी तशीच ठेवून कॉल सोडला. पुढचे दोन दिवस गेलेच नाही. कुणी विचारलं नाही.

खरं सांगणं सोपं होतं. पण धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द, हे सांगितलं की काम उघडं पडत होतं, आणि नाव बाद होत होतं. न सांगितलं तर नाव राहणार होतं. पुढचं वर्षभर सगळे दिवसातून वीस वेळा धुरा, धुरा म्हणणार होते, आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी मी केलेली चापलुसी आठवणार होती. तरी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची मला इच्छा होती. हे कबूल करायला आजही जड जातं.

शुक्रवारी सर म्हणाले, "मग धुरा पक्कं?"

"सर, एक मिनिट." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "आमच्याकडे धुरा म्हणजे बांध. शेताचा. दोन भावांच्या वाटण्या झाल्या की मधे धुरा पडतो. मला तेच म्हणायचं होतं. दुसरा अर्थ मला माहीतच नव्हता."

मग सर म्हणाले, "अरे बापरे. मग हे चालणारच नाही. त्या भावांच्या ऑफिसात कुणी विदर्भातला निघाला म्हणजे? बरं झालं सांगितलंस." आणि त्यांनी यादीतलं पुढचं नाव घेतलं. एक किल्ला.

त्या सीनियर मुलीचा मेसेज आला, "सॉरी गं. आधीच सांगायचं ना." मी एक हसरा चेहरा पाठवला. आणखी काही लिहिता येईल का, म्हणून थोडा वेळ थांबले. पण तिचंही पुढे काही आलं नाही.

यादीत माझ्या शब्दावर आडवी रेघ आली. शेजारच्या रकान्यात सरांनी कारण लिहिलं, 'शेताची हद्द. विदर्भात वापर.' तेवढी ओळ मी माझ्या वहीत उतरवून घेतली.

दुपारी डब्याच्या कॉलवर गेले. कुणीतरी नव्या भाड्याच्या घराबद्दल सांगत होतं, पाणी दुसऱ्या मजल्यावर चढत नाही म्हणून. मी आले तरी बोलणं थांबलं नाही. मी कॅमेरा लावला नाही. ताट पुढे ओढलं आणि ऐकत जेवले.