जीप मागे फिरवणाऱ्या सिस्टर

नव्वदच्या दशकात मी घनसावंगीला शिक्षक होतो. एकदा अंबडहून जीपने परतताना शेजारी एक सिस्टर बसल्या होत्या. जालन्याला वाढीव प्रशिक्षण घेऊन त्या आपल्या आरोग्य केंद्रात निघाल्या होत्या. गप्पा मारताना समोरच्याचा चेहरा निरखून पाहण्याची त्यांना सवय होती.

समोर आईसोबत बाळंतपणासाठी माहेरी निघालेली एक पोरगी होती. तिचा चेहरा सुजलेला दिसत होता.

"बाई गं, डोकं दुखून राह्यलं का?" सिस्टरांनी विचारलं. पोरीनं होकारार्थी मान हलवली.

सिस्टरांनी जीप थांबवायला लावली, इंजिन बंद करायला लावलं आणि पिशवीतून यंत्र काढून तिचा रक्तदाब दोनदा मोजला. दोन्ही वेळा तो फार वाढलेला निघाला.

"जल्दी मागं फिरवा. हिला अंबडच्या दवाखान्यात न्यायचंय."

ड्रायव्हर वैतागला. "तुम्ही काय डॉक्टर हाय का?"

"न्हाई. पन डॉक्टरकडं कधी धावायचं, ते मला बराबर कळतं."

त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी जीप फिरली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला लगेच आत घेतलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन ते सिस्टरांना म्हणाले, "वेळेत आणलंत. आता काळजी नाही." पोरीच्या आईनं सिस्टरांना मिठीच मारली.

मग ड्रायव्हरनं हळूच बाही वर सरकवली. "मंग बाई, माझाबी बघता का?"

सिस्टर खळखळून हसल्या आणि तिथल्याच बाकावर बसल्या. त्याच्यामागं आम्ही सगळ्या प्रवाशांनी रांग लावली.