शवासनाचे पहारेकरी

दुसऱ्यांना आडवं करण्याची इतकी हौस आणि स्वतः आडवं होण्याचा इतका तिटकारा असलेला दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि यापुढे पाहीन असंही वाटत नाही. आमच्या शेजारणीचे वडील हे. शेजारीण म्हणजे अनघा. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या समोरच्याच दारात राहते. तिची आई गेली, त्यानंतर इथला बर्फ वितळल्यावर तिनं वडिलांना सहा महिन्यांसाठी आणलं. हेतू एवढाच, की त्यांनी जरा विसावावं. विमानतळावरून घरी येतानाच काकांना गाडीतून आमच्या कॉम्प्लेक्सचं क्लबहाउस दिसलं. रविवारी सकाळी ते रिकामं असतं ही माहिती त्यांनी जेट लॅग उतरायच्या आत काढली, आणि पुढच्याच रविवारी तिथे योगवर्ग सुरू झाला. विसावण्याचं काम त्यांनी असं परस्पर आमच्या गळ्यात घातलं.

काकांची सगळी नोकरी मिरजेच्या आसपासच्या लहानसहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर म्हणून झाली. नोकरी संपली तरी ड्यूटी संपलेली नव्हती. उशिरा, जांभया देत येणाऱ्याला ते काही बोलत नसत. आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, मग त्याच्या तोंडाकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. शिव्या परवडल्या असत्या. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात लोकरीचे मोजे आणि नाकावर दोरी लावलेला चष्मा. सुरुवातीचे कितीतरी महिने तो चष्मा त्यांनी काढलेला आम्ही पाहिला नाही. शीर्षासन करून दाखवतानाही तो दोरीच्या जिवावर जागच्या जागी असायचा. प्राणायामात तर त्यांच्यातला स्टेशनमास्तर पुरता जागा व्हायचा. "घ्या आत... थांबा... अजून लाइन क्लिअर नाही... हं, आता सोडा." माझ्या नवऱ्याचा दम मुळात आखूड. त्यानं एकदा सिग्नल मिळायच्या आत श्वास सोडला. काका त्याच्यापाशी गेले आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "साहेब, अशानंच अपघात होतात." तेव्हापासून हा गृहस्थ घरचा जिना चढून धापा टाकायच्या आधीसुद्धा माझ्याकडे परवानगीसाठी बघतो.

बाकीची आसनं ही काकांच्या लेखी नुसती पूर्वतयारी. खरा सोहळा शवासनाचा. त्यासाठी आधी फोनवरचं होकायंत्र बाहेर निघायचं, कारण कुणाचेही पाय दक्षिणेला येता कामा नयेत. क्लबहाउसची रचना करणाऱ्याला यमाची दिशा ठाऊक नसल्यामुळे सगळ्या अटी सांभाळून एकच मांडणी शक्य व्हायची, ती म्हणजे कोल्ड्रिंकच्या घरघरणाऱ्या मशीनकडे डोकी करून सगळ्यांनी ओळीनं पडायचं. आमच्यात तळमजल्यावरची केरॉल नावाची एक निवृत्त अमेरिकन नर्स येते. तिनं कारण विचारलं, तर काका म्हणाले, "साउथ साइड ओन्ली फॉर डेड पीपल." पुढच्या रविवारी तिनं हळूच मला सांगितलं, की तिनं घरचा पलंग फिरवून घेतला आहे, जस्ट इन केस.

शवासनाच्या आधी सगळ्यांचे फोन एका स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात जमा करायचे आणि डबा काकांच्या ताब्यात द्यायचा, असा दंडक होता. यातूनच तो प्रसंग घडला. नवरा त्या आठवड्यात ऑन-कॉल, म्हणजे ऑफिसचा फोन कधीही घ्यायला बांधलेला होता. आम्ही सगळे निपचित पडलेलो असताना त्याच्या मॅनेजरचा फोन आला. डबा खणखणायला लागला. वाजणारा फोन उचलायचा नाही हे काकांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तो उचलला आणि आम्हाला त्रास नको म्हणून दबक्या आवाजात म्हणाले, "येस, ही इज हिअर. ऑन द फ्लोअर. लाइक डेड बॉडी. नो, नो, व्हेरी पीसफुल. यू कॉल आफ्टर सम टाइम." घाबरलेल्या मॅनेजरनं ऑफिसच्या रेकॉर्डमधून बायकोचा, म्हणजे माझा, नंबर शोधला. तो फोनही त्याच डब्यात होता. "शी इज आल्सो सेम," काका म्हणाले. आम्ही डोळे उघडले तेव्हा दारात ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन उभी होती. समोर ओळीनं पडलेले देह, वरून पांघरलेल्या शाली, आणि मधोमध ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प करणारे काका. नवऱ्याला ऑफिसमध्ये अजून लोक 'बरा आहेस ना' असं जरा जास्तच आपुलकीनं विचारतात.

हसायचं तेवढं आम्ही हसलो. पण त्या शवासनासाठीच आम्ही रविवारची झोप मोडून जात होतो, हेही सांगायला हवं. सगळे पडले की काका दिवे मालवायचे, खिडक्यांचे पडदे ओढायचे, एकेकाच्या अंगावर शाल नीट करायचे आणि नेहमीचं एकच वाक्य म्हणायचे, "मी जागा आहे. तुम्ही निवांत पडा." मग त्यांच्या मोज्यांचा फरशीवरून हलकेच फिरण्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. त्या दिवसांत माझ्या ऑफिसमध्ये माणसं कमी करणं चाललं होतं. इथे व्हिसावर राहणाऱ्या माणसाची नोकरी गेली की नुसती नोकरी जात नाही. घर, मुलांची शाळा, सगळंच हलतं. रात्ररात्र छताकडे बघत काढत होते मी. झोपेची ॲप्स झाली, गोळ्या झाल्या, लव्हेंडरच्या उशा झाल्या. त्या कोल्ड्रिंकच्या मशीनपाशी मात्र मला पहिल्याच दिवशी गाढ झोप लागली. उठले तेव्हा डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. मोठं झाल्यापासून मला कुणी असं सांगितलंच नव्हतं, की तू झोप, मी जागा आहे.

स्वतः काका मात्र कधी पडले नाहीत. आम्ही आग्रह करायचो, ते कारणं सांगायचे. पाठीला फरशी सोसत नाही, शिक्षकानं पडलं तर वर्गात शिस्त राहत नाही, आत्ताच चहा झालाय. कारण दर रविवारी नवं असायचं, त्यामुळे त्यातलं एकही खरं नाही हे कळायचं. एकदा अनघानं मला जिन्यात गाठलं. "बाबा आल्यापासून आडवे झालेले मी पाहिले नाहीत गं," ती म्हणाली. "इतकी महागाची मॅट्रेस ऑर्डर केली, तिच्यावरची घडीसुद्धा मोडली नाही. हॉलमध्ये रिक्लायनरवर बसून राहतात. रिक्लायनर सरळ ठेवून! चष्मा लावून! पाय बघ कसे सुजलेत. डॉक्टरांनी क्लिअर सांगितलंय, बीपी असंच राहिलं तर कधीही काहीही होऊ शकतं, ही हॅज टू स्लीप. आई गेली तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. आता यांना माझ्या डोळ्यांसमोर असं..." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

काका परत जायला थोडेच आठवडे उरले असतानाची गोष्ट. शवासन चालू होतं. मोज्यांचा आवाज मध्येच थांबला आणि पोळ्यांचा डबा दाणकन खाली पडला. आम्ही उठून बघतो तर काका भिंतीला धरून उभे, चेहरा पांढराफटक. केरॉल पन्नाशीतल्या बाईला लाजवील अशा चपळाईनं उठली, तिनं त्यांना खाली बसवलं, नाडी बघितली, पाणी पाजलं आणि म्हणाली, "लाय डाउन." काकांनी नकारार्थी मान हलवली. ॲम्ब्युलन्सलाही नको म्हणाले. अनघा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बाबा, का असं करताय? माझ्यासाठी तरी पडा ना. प्लीज."

काका, जणू रजिस्टरमधली नोंद वाचून दाखवावी इतक्या कोरड्या आवाजात, सांगू लागले. "तुझ्या आईपाशी दवाखान्यात मीच होतो. नोकरीत कधी एक डुलकी काढली नाही मी, तर तिथे काय काढणार? त्या दुपारी ती म्हणाली, अहो, किती जागाल, जरा टेका. मी नको म्हटलं. ती ऐकेना. म्हणून बाकावर पाठ टेकली, चष्मा काढून ठेवला. डोळा लागला गं. जाग आली तेव्हा सगळं झालं होतं." त्यांनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "त्या वेळी तिच्यापाशी कुणीही जागं नव्हतं."

अनघा रडत म्हणाली, "आईनंच सांगितलं होतं ना बाबा, टेका म्हणून?"

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "ऐकायला नको होतं."

माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य निघालं. "काका, मी जागी आहे. तुम्ही निवांत पडा."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. उशिरा येणाऱ्यांकडे बघत, तसंच. "तुला पडल्या पडल्या झोप लागते. मी बघतो ना दर रविवारी."

"आज उभी राहीन."

"आम्ही पण आहोत काका," नवरा म्हणाला. केरॉलला मराठी येत नाही, पण काय चाललंय ते तिला बरोबर कळलं असावं. ती उठून दारापाशी जाऊन उभी राहिली. काकांनी मग फार सावकाश चष्मा काढला, त्याच्या दोरीची घडी घातली आणि तो माझ्या हातात दिला. पाय दक्षिणेला नाहीत ना, हे तेवढ्यातही विचारून घेतलं. अनघानं त्यांच्या अंगावर शाल घातली. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा ओळखू येईना, इतका थकलेला होता. थोड्याच वेळात ते घोरायला लागले. घोरणंही कसं, मालगाडीसारखं, लांबलचक आणि संथ. केरॉल अधूनमधून येऊन नाडी बघायची आणि अंगठा वर करून दाखवायची.

आमची वेळ संपली, तरी आम्ही कुणी जागचे हललो नाही. नेमकं त्यानंतर क्लबहाउसमध्ये एका गुजराती कुटुंबाचं डोहाळजेवण ठरलं होतं. गुलाबी फुग्यांचे घोस आणि ढोकळ्यांचे ट्रे घेऊन मंडळी दारात आली. केरॉलनं त्यांना अडवलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "क्या हुआ?" अनघा म्हणाली, "पापा सो रहे हैं." एवढंच. त्या बाईंनी वळून आपल्या सगळ्या गोताला चपला काढायला लावल्या. डोहाळकरीण खुर्चीत बसली, बाकीचे भिंतीला टेकून फुगे धरून उभे राहिले. काका उठले तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसले ते फुगे, मग मी. "कुणी झोपलं नाही ना?" त्यांनी विचारलं. मी चष्मा पुढे केला. डोहाळजेवणाला आम्ही सगळे आग्रहानं थांबवले गेलो, आणि काकांनी त्या मुलीला गरोदरपणात कोणता श्वास कधी सोडायचा यावर बरंच काही सांगितलं.

त्या रात्री ते मॅट्रेसवर झोपले. अनघा शेजारी खुर्ची टाकून बसली होती. अधूनमधून ते अंधारात विचारायचे, "आहेस का?" ती म्हणायची, "आहे बाबा." काही दिवसांनी विचारणं कमी झालं, पायांची सूज उतरली. मग व्हिसाची मुदत संपली आणि ते मिरजेला परत गेले. तिथे घरात आता ते एकटेच असतात.

वर्ग आम्ही चालू ठेवला आहे. शिकवणारं कुणी नसल्यामुळे आसनं वाटेल तशी होतात, श्वास कुणीही कधीही सोडतो. पण शवासन काकांच्या पद्धतीनंच होतं. एक जण पाळीनं उभा राहतो. आमच्या रविवारच्या सकाळी मिरजेत संध्याकाळ असते. अनघा व्हिडिओ कॉल लावून फोन कोल्ड्रिंकच्या मशीनला टेकवून ठेवते, आणि पडद्यावर काका सतरंजी अंथरून बसलेले दिसतात. अलीकडे ते वाळलेत, आवाजही खोल गेलाय. इतक्या लांबून कुणी जागं राहून काय राखणार, असं मला दर वेळी वाटतं, आणि दर वेळी मी पाठ ताठ करून उभी राहते. ते फोनजवळ तोंड आणून विचारतात, "आज ड्यूटीवर कोण?"

"मी आहे काका," मी म्हणते. "तुम्ही निवांत पडा."

मग ते चष्मा काढतात.