धाकूचा डावा डोळा

खाडीत कारखान्यांचं पाणी उतरलं आणि मासळी गेली, तेव्हा धाकू जाळं गुंडाळून मानपाड्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायला लागला. त्यालाही अकरा वर्षं झाली. मानेची कातडी दोन बोटांत अशी उचलायची की उंदराला चावताच येऊ नये, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. मारायचा असला तरी धाकूच. एक झटका, की संपलं.

मेघाली मॅडम त्याच्या लेकीच्या वयाच्या. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या एका परजीवीवर त्यांचं काम चाले. एकदा डबा खाताना त्यांनी समजावलं, "काका, रक्तात पहारेकरी पेशी असतात. हा परजीवी त्यांच्यात शिरला की त्या 'गाबा' बनवायला लागतात. मेंदूतल्या पेशी ज्यानं एकमेकींशी बोलतात, ते रसायन. पहारेकरी पेशी ते बाहेर सोडते, तिचा निरोप तिलाच मिळतो, आणि ती पळत सुटते. परजीवीला पोटात घेऊन मेंदूपर्यंत. डोळ्यापर्यंतसुद्धा."

"म्हंजे राखणदारच त्याला घरान नेतो?"

"अगदी तसंच."

मार्चमधली गोष्ट. मॅडम घाईत होत्या. उंदीर धाकूच्या हातात, परजीवी भरलेली सुई त्यांच्या. उंदराच्या कातडीतून आरपार निघालेली सुई धाकूच्या अंगठ्यात रुतली.

"अपघाताच्या वहीत लिवाया पायजे," धाकू म्हणाला.

"लिहिलं तर काम बंद पाडतील, काका. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. मी आहे ना, मी बघते."

धाकूनं अंगठा नळाखाली धरला. वही उघडलीच नाही.

पंधरा दिवसांनी ताप आला, मानेत गाठी आल्या. मॅडम दर सोमवारी त्याचं रक्त काढून घेऊ लागल्या. "मॅडम विलाज करतान," तो बायकोला, जनीला सांगे. गोळी मात्र एकदाही मिळाली नाही. मे महिन्यात डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं, तेव्हा जनीनं त्याला कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढतच नेलं.

"घरी मांजर आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

सुईची गोष्ट धाकूच्या अगदी ओठांवर आली होती. पण मॅडमचं नाव निघालं असतं. "हाय," तो म्हणाला. "कोलीवाड्यान मांजरांना काय तोटा?"

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. औषधं सुरू झाली. पण त्या डोळ्याची मधली नजर परत आली नाही. "महिनाभर आधी यायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले.

एका डोळ्यानं अंतर कळेना. एक उंदीर अर्धवट मेला आणि धाकूच्या हातात किंचाळत राहिला. त्याच आठवड्यात संस्थेच्या प्रशांत सरांनी त्याला बोलावलं. टेबलावर धाकूनं रजेसाठी दिलेला डॉक्टरांचा कागद होता. "मांजर घरचं, लागण घरची. आम्ही काय करणार?"

"सुई लागलेली, सर. मार्चमदी."

"नोंद कुठाय?"

धाकूनं मेघाली मॅडमकडे पाहिलं. त्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी फाइलचं पान उलटलं आणि त्या वाचत राहिल्या. महिनाअखेरीला धाकूची नोकरी गेली.

सप्टेंबरात मॅडम स्वतः कोळीवाड्यात आल्या, खांद्याला बर्फाचा डबा लावून. लागणीनंतर सहा महिन्यांनी घ्यायचा रक्ताचा नमुना राहिला होता. जनी अंगणात चिखलातले निवट्या मासे साफ करत होती. ती कोयता घेऊनच उठली. "आदी त्याचा डोला दे, मंग रगात ने!"

मॅडम उंबऱ्याबाहेर खाली मान घालून उभ्या राहिल्या. पण गेल्या नाहीत. धाकू आतून आला, ओट्यावर बसला आणि त्यानं बाही वर सारली. जनी बघतच राहिली.

नळी भरत असताना त्यानं विचारलं, "माज्या रगतान गावला काय तो गाबा?"

"सापडला, काका! माणसातसुद्धा तेच होतं." मॅडमना चेहऱ्यावरचा आनंद लपवता आला नाही.

धाकूलाही क्षणभर बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याची त्याला लगेच शिसारी आली.

जनीनं त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही.