दंडाला पट्टा आणि साडूबुवांचा हात

माझ्या थोरल्या साडूंइतका पटकन हात वर करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नसेल आणि होणारही नाही. नेकनूरच्या पुढं त्यांचं गाव, आणि गावातल्या दूध संस्थेचे ते जन्माचे संचालक. चेअरमनसाहेबांनी ठराव वाचायला चष्मा काढला की यांचा हात वर. ठराव कशाचा, हे मागाहून ऐकायचं. एकदा जुन्या सभासदाच्या दुखवट्याचा ठराव चालला होता, तर हे हात वर करून "मंजूर, मंजूर" म्हणाले. मयताची पोरं समोर बसलेली. बरं, खोड सभेपुरती असती तरी चाललं असतं. एसटीत कंडक्टरनं "नेकनूर कोन?" विचारलं की बीडला निघालेला हा गृहस्थ हात वर करणार, आणि केला म्हणून नेकनूरला उतरणारसुद्धा! मी कपाळ बडवून घेतलं तर म्हणाले, "आता हात वर गेलता, न्हाई कसं म्हनावं?" कुणाशी वाईटपणा नको, कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. गावानंही त्यात सोय बघितली होती. ठराव कुणी ऐकतच नसे. आबांचा, म्हणजे आमच्या साडूबुवांचा, हात वर दिसला की बाकीचे वर.

त्या साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला. संस्थेच्या विहिरीला तेवढं पाणी होतं, म्हणून तिच्या आधारानं जनावरांची छावणी उघडली होती. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं आणि घरोघरची म्हातारी माणसं गुरांसोबत छावणीतच मुक्कामाला. तिथंच कडबा उतरवून घेताना साडूबुवांना भोवळ आली. मी त्यांना बीडला नेलं. डॉक्टरला नुसतं बघून यांचं प्रेशर असं चढलं, की तोच बिचारा घाबरला. खरं प्रेशर किती हे कळावं म्हणून त्यानं दंडाला पट्टा आणि कमरेला डबी बांधली. एक दिवस, एक रात्र काढायचं नाही. मधूनमधून पट्टा आपोआप आवळेल, तेव्हा हात खाली सैल सोडायचा, हलायचं नाही, बोलायचं नाही. साडूबुवांनी सगळं ऐकायच्या आधीच मान डोलावली.

गाव पडलं दुधाचं. डबी बघून लोकांना वाटलं, संस्थेत फॅट मोजायचं नवीन यंत्र आलं आणि आबांवर करून बघतायत. एका म्हातारीनं काळजीनं विचारलं, "आबा, फॅट किती लागलं?" दुसरा म्हणाला, पाणी निघू देऊ नका, दर कापत्यात. मी समजावून थकलो. साडूबुवा मात्र ज्याला त्याला "बरं लागलं" म्हणत सुटले.

त्याच दुपारी सभा होती. मीही पाहुणा म्हणून मागं टेकून बसलो. चेअरमननी ठराव वाचला: सोमवारपासून छावणी बंद, विहिरीच्या पाण्याचा 'अन्यत्र विनियोग'. अन्यत्र म्हणजे चेअरमनची मोसंबी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरं बाजारात जाणार, तीही मातीमोलानं, आणि धनी तिकडं उसाच्या फडात! पण बोलणार कोण? सगळ्यांच्या नजरा सवयीनं आबांकडं वळल्या, आणि नेमका त्याच क्षणी पट्टा आवळायला लागला.

साडूबुवा दगडासारखे बसून राहिले. हात खाली. मग काय, सगळ्या सभेचे हात खाली! चेअरमननी चष्मा काढला, घातला, परत काढला. असा प्रकार त्यांनी उभ्या हयातीत बघितला नव्हता. मी बघितला होता का? मला तर आपलंच प्रेशर चढल्यासारखं वाटलं. चेअरमन म्हणाले, "आबा, दुसरा हात हाय की मोकळा." साडूबुवा बोलेनात. बोलायचं नव्हतंच ना! शेवटी फुस्स करून पट्टा सैल पडला. चेअरमन हसले, म्हणाले, चला, सुटलं यंत्र, आता करा वर.

साडूबुवांनी आपल्या हाताकडं पाहिलं. मग छावणीतून आलेल्या म्हाताऱ्यांकडं पाहिलं. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले आणि म्हणाले, "न्हाई. छावनी ऱ्हाऊ द्या." इतकं हळू, की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं. पण ठराव पडला, तो पडलाच.

डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या. छावणी पाऊस पडेपर्यंत चालली. उसावरून आलेल्यांना आपली गुरं दावणीला जिवंत दिसली. आणि पुढच्या निवडणुकीत चेअरमनच्या पॅनेलमध्ये साडूबुवांचं नाव नव्हतं. हे ऐकून मला धक्का बसला, त्यांना नाही. भेटायला गेलो तेव्हा ते ओसरीवर एकटेच बसले होते. सभेचा दिवस, आणि घरात. मी विचारलं, वाईट वाटतं का, आबा? त्यांनी पट्टा बांधला होता तो दंड चोळला.

"वाटतंय की," ते म्हणाले. "हात खाली ठिवला तरी मानूस मरत न्हाई, हे मला इतकी वर्सं कुनी सांगितलंच न्हाई."