नळ नसलेलं शहर

परभणीच्या कॉम्प्युटर क्लासात मी फ्लॉपीवरच्या गेममध्ये शहर वसवत होतो आणि माणसं ते सोडून जात होती. आमच्या भागात नळाचं पाणी सोडणारा माणूस चपला बाहेर काढून, व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी सांभाळत माझ्यामागे येऊन उभा राहिला.

“ह्याच्यात नळ कुठं हाय?”

“गेममधी पाणी लागतच न्हाई, मामा.”

“मंग माझी नोकरी गेली की!” तो लय हसला. मग पडद्याजवळ वाकला. “तू नुसता चौकच सजवायलास. आधी शेवटची गल्ली धर. चौकातले वरडून घेतेत, शेवटचे गुमान निघून जातेत.”

मी कडेच्या वस्तीला रस्ता आणि वीज दिली. माणसं परतली.

दुसऱ्या सकाळी आमच्या चौकातले नळ तासभर कोरडेच होते. आई पाणी सोडणाऱ्या मामाच्या नावानं बोटं मोडत म्हणाली, “आज पाणी गेलं तरी कुठं?”

“शेवटच्या गल्लीत,” मी म्हणालो आणि रिकामी घागर घेऊन हसत बसलो.