जोसेफला दिलेली माफी

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि मी आता थकलो आहे.

गेल्या महिन्यात गावाहून भाच्याचा फोन आला. मामा, नवं सरकार आलंय, आपल्या लोकांना पोलिसांनी नुसत्या संशयावरून उचलू नये म्हणून समिती नेमली आहे, आजोबांचं काय झालं ते तुम्ही बोला. आम्ही पारधी. आडनाव भोसले, त्यामुळे इथे दुबईत, करामाच्या मराठी मंडळात कुणी कधी जात विचारली नाही. मीही सांगितली नाही. पण त्या दिवशी मोबाइलसमोर बसलो आणि बोललो. पंचक्रोशीत कुठेही चोरी झाली की माझ्या बापाला न्यायचे. एकदा परत आला तेव्हा त्याला पायात चप्पल घालता येत नव्हती. तो राग मी अजून सोडलेला नाही — का सोडू? भाचा म्हणाला, ऐकून माणसं रडली.

त्यांना जे सांगितलं नाही, ते हे.

उम्म अल कुवैनला माझं भंगाराचं यार्ड आहे. भांडून, घासाघीस करून उभं केलेलं. जोसेफ तिथे माल निवडायचा, तांबं वेगळं, पितळ वेगळं. युगांडाचा. बाकी आम्ही हिंदुस्तानी-पाकिस्तानी. उन्हात भाजून त्याच्याहून फार उजळ राहिलो नव्हतो, तरी सगळे त्यालाच 'काल्या' म्हणायचे. मीसुद्धा.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी मोजणीत तांब्याचं एक पोतं कमी निघालं. माझं डोकं फिरलं, पोलिसांना बोलावलं. आलेला अधिकारी शांत माणूस होता. संशय कुणावर, त्याने विचारलं. त्या क्षणी मला बाप आठवला नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवला. तरी मी जोसेफकडे बोट दाखवलं. नेताना पाहिलंत का, अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. निदान तिथे तरी थांबायला हवं होतं — नाही का?

मी म्हणालो, पाहिलं.

काही पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी शारजाच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. आमच्या धंद्यात सौदा अडला की वानगी म्हणून थोडा माल गिऱ्हाइकाच्या गाडीत टाकतात — ने, वितळवून बघ, मग भावाचं बोल. पोतं कमी निघालं त्याच्या आदल्या संध्याकाळी या गिऱ्हाइकाशी कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि रागाच्या भरात मीच एक पोतं उचलून त्याच्या पिकअपमध्ये फेकलं होतं. पितळ समजून. आता तो हसत सांगत होता, भोसलेभाई, वानगीत तांबा कौन देता है?

तेव्हाच पोलीस ठाण्यात जाऊन खरं बोलायचं होतं. गेलोही. पण खोटी तक्रार म्हणजे लायसन्स जाणार, व्हिसा जाणार, मीच आत जाणार — हे सगळं गाडीतच मनात मांडून झालं होतं. मी सांगितलं, गरीब माणूस आहे, माफ करतो, तक्रार मागे घेतो. दोन दिवस कोठडीत असलेल्या जोसेफला पोलिसांनी सोडलं. यार्डातली पोरं म्हणाली, सेठ का दिल बडा है. ते मी ऐकून घेतलं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

मग त्याचा व्हिसा रद्द केला. तो रोज समोर दिसला असता, ते मला चाललं नसतं.

जाण्याच्या दिवशी बॅग घेऊन तो फाटकापाशी उभा राहिला. हिंदी आमच्यातच शिकलेला. आवाज चढवला नाही. "सेठ, सबको बोला माफ किया. किस बात का माफ किया?"

काम थांबवून सगळे आमच्याकडे बघत होते. मी जवळ गेलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "दुबारा मत करना."